वासावर जाऊ नका, घड्याळ बघा

वादळात वीज गेली की फ्रीजमधलं अन्न 'वास घेऊन, जिभेवर ठेवून बघा, शंका आली तर उकळून खा' असा सल्ला काहीजण देतात. त्याला माझा ठाम विरोध. आजारी पाडणाऱ्या जिवाणूंचा बहुतेक वेळा ना वास येतो ना चव लागते. त्यात स्टॅफिलोकॉकससारख्यांनी अन्नात सोडलेलं विष उकळूनही जात नाही.

दार बंद राहिलं तर फ्रीज साधारण 4 तास थंडावा धरतो. गच्च भरलेला फ्रीझर 48 तास, अर्धा भरलेला 24. तेव्हा काय काढायचं ते आधी ठरवा आणि एकदाच दार उघडा (पोरांना हे पटवणं हे वेगळंच काम!). 4 तास उलटले की दूध, मांस, मासे, उरलेलं शिजवलेलं अन्न सरळ टाकून द्या. जीव हळहळतो, पण इलाज नाही. न चिरलेली फळं, लोणी, जॅम यांना काही होत नाही. फ्रीझरमधल्या जिनसांत बर्फाचे कण दिसत असतील तर त्या पुन्हा गोठवता येतात.

घर सोडून जायची वेळ आली तर पेलाभर पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवून जा. परतल्यावर नाणं तळाशी सापडलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय.

आणि हो, पाऊस आहे म्हणून कोळशाची शेगडी घरात पेटवू नका, खिडकी उघडी असली तरी. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूलाही वास नसतो.