भर चौकातली शिक्षा भिंतीआड कधी गेली?

कसबेकर: भाच्याला शनिवारवाडा दाखवत होतो. दिल्ली दरवाजाचे खिळे हत्तींनी धडका मारू नयेत म्हणून, असं सांगितलं, तर पठ्ठ्या विचारतो, "मग विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं ते इथेच का?" पोरं हल्ली काय काय वाचतात! पण सगळ्यांसमोर शिक्षा देणं बंद कधी झालं आणि का?

जुनाबाजार: इंग्लंडात १८६८ साली कायदाच झाला. त्याआधी फाशी म्हणजे जत्रा. १८४९ मध्ये लंडनला मॅनिंग नवरा-बायकोला लटकवलं, तेव्हा चार्ल्स डिकन्स बघायला गेला होता. पोरांच्या शिट्ट्या, अचकट-विचकट गाणी, खिदळणं. त्याने 'टाइम्स'ला खरमरीत पत्र लिहिलं. गंमत म्हणजे फाशी बंद करा असं त्यात म्हणणं नाहीच, तुरुंगाच्या आत द्या एवढंच! फ्रान्सने मात्र १९३९पर्यंत गिलोटिन, म्हणजे मुंडकं उडवायचं यंत्र, लोकांसमोर चालवलं.

हडपसरची सून: धाक वगैरे ठीक, पण विठोजींचं प्रकरण दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या अंगाशी आलं. १८०१ला हत्ती, १८०२च्या ऑक्टोबरात विठोजींचा भाऊ यशवंतराव आमच्या हडपसरला पेशव्याची फौज मोडून पुण्यात. बाजीराव पसार, वर्षअखेर इंग्रजांशी वसईचा तह.

येरवडाकर: दामोदरपंत चापेकरांना १८९८ला येरवड्यात फाशी दिली, भिंतीआडच. २०१२ला कसाबलाही इथेच दिली. आम्ही हाकेच्या अंतरावर, पण कळलं टीव्हीवरून. सकाळच्या पेपरात अवाक्षर नव्हतं.

जुनाबाजार: घाशीराम कोतवालाला विसरलात होय? १७९१ला जमावानेच दगडांनी ठेचला, जल्लाद लागलाच नाही.