मदत हवी आहे : रॅली कारमधील अग्निशमन यंत्रणेची केबल जड झाली आहे

म्हापशातील आमच्या गॅरेजमधील रॅलीच्या जिप्सीत केबल ओढून चालणारी फोमची अग्निशमन यंत्रणा असून तिचे नोझल इंजिनाकडे आणि चालकाच्या कक्षात आहेत. पावसाळ्यानंतर बाहेरील ओढकडी फारच जड झाली आहे. यंत्रणा चुकून सुरू होऊ नये म्हणून तिची सेफ्टी पिन लावून केबल फोमच्या बाटलीपासून सोडवली, तरी ती अडकतेच, त्यामुळे दोष व्हॉल्व्हचा नसून गंजलेल्या तारेचा असावा (खाऱ्या हवेची कृपा!). तेल सोडून व वळणे सैल करूनही फरक पडला नाही. दाबमापक हिरव्या पट्ट्यात आहे, परंतु तपासणीची 2 वर्षांची मुदत पुढच्या महिन्यात संपते. दाबाखालील बाटली आम्ही स्वतः उघडणार नाही. स्टेनलेस स्टीलची दुसरी केबल बसवली तर रॅलीआधीच्या गाडीच्या तांत्रिक तपासणीत चालेल, की मूळ उत्पादकाचीच लागेल?