जुनी बिनटर्बोची डिझेल गाडी, २५०० मीटरची खिंड आणि दुसरा गिअर

चौथा_गिअर

नमस्कार मंडळी. माझी गाडी १९८२ सालची, चार सिलिंडरची डिझेल सेडान. टर्बो (इंजिनात दाबाने जादा हवा भरणारा पंखा) नाही, गिअर चार, नवी होती तेव्हा ताकद ६० अश्वशक्ती. आजही सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, ऑइल खात नाही, आणि सपाटीवर तिच्याबद्दल माझी एकही तक्रार नाही.

डोंगर लागला की सगळं बदलतं. आम्ही चौघं, डिकीत सामान आणि दहा टक्क्यांचा चढ. तिसऱ्या गिअरमध्ये ती चाळीसवरून पस्तीसवर येते, मग तिसावर. पॅडल पार खाली दाबलेलं असतं. आरशात काळा धूर दिसतो, पाण्याच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागतो आणि मागे गाड्यांची रांग लागते. दुसरा टाकला तर इंजिनाचा आवाज एवढा चढतो की जीव घाबरतो, म्हणून जरा वेग आला की लगेच पुन्हा तिसरा.

पुढच्या महिन्यात २५०० मीटर उंचीच्या खिंडीतून पलीकडे जायचं आहे. ओळखीचे सगळे म्हणतात, विकून टाक, नाहीतर टर्बो बसव. मला यातलं काहीच करायचं नाही. ही गाडी आहे तशीच ठेवायची आहे आणि नीट चालवायला शिकायचं आहे. दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा-पाऊण तास सलग चढवली तर इंजिनाला इजा होते का? काटा कुठवर गेला तर चालतं? निघण्याआधी काय काय बघून घेऊ?

मोकळा_रस्ता

टर्बो नको हा निर्णय योग्यच आहे. कारखान्यातून टर्बो लावून येणाऱ्या इंजिनात पिस्टन वेगळे असतात, पिस्टनला खालून ऑइलचा फवारा मिळायची सोय असते, रेडिएटरही मोठा असतो. जुन्या इंजिनाला नुसता टर्बो जोडला आणि पंपाचं डिझेल वाढवलं, तर ती सगळी जादा उष्णता जुन्याच पिस्टनना आणि हेड गॅस्केटला (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या पातळ थराला) सोसावी लागते. त्यापेक्षा वजन उतरवा. छपरावरचा कॅरिअर, डिकीतली जादा अवजारं, जे लागणार नाही ते सगळं घरी ठेवा. बाकीचं जाणकार सांगतीलच.

नोझल_टेस्टर

माझी उमेदीची वर्षं डिझेलचे पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) दुरुस्त करण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला काहीही होत नाही. इजा होते ती तिसऱ्या गिअरमध्ये. आवाजाला घाबरून तुम्ही जो तिसरा टाकता, त्यानेच काटा वर जातो.

हिशोब करून बघू. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १७०० किलो समजा. दहा टक्क्यांच्या चढावर ताशी ४० किलोमीटरने जायला चाकांपाशी साधारण २९ अश्वशक्ती लागते. ६० ने जायचं तर ४५. आता तुमच्याकडे आहे किती? ६० हा आकडा समुद्रसपाटीचा, आणि तोही इंजिन पूर्ण फेऱ्यांवर असतानाचा. २५०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ७८ टक्के उरते आणि बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. म्हणजे राहिली ४७. त्यातली गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शिअलमध्ये काही जाते. तेव्हा त्या चढावर ६० चा वेग मिळणारच नाही, कोणीही चालवली तरी. ४० चा मात्र मिळतो, पण फक्त दुसऱ्या गिअरमध्ये. तुमच्यासारख्या चार गिअरच्या गाडीत ४० च्या वेगाला तिसऱ्यात इंजिन मिनिटाला जेमतेम १८०० फेऱ्या मारतं, दुसऱ्यात २९०० च्या आसपास. १८०० वर, त्या उंचीला, चाकांपाशी वीस-बावीस अश्वशक्तीच पोचते. हव्यात २९. म्हणून वेग पडतो, आणि वेग पडला की फेऱ्या आणखी पडतात. २९०० वर तीसच्या वर मिळते. गाडी चढते आणि पायाखाली थोडं शिल्लकही राहतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाण्याचा पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, पंखाही जुन्या गाड्यांत बहुधा पट्ट्यावरच असतो. तिसऱ्यात पॅडल खाली दाबून १८०० वर रखडलात, तर सिलिंडरमध्ये उष्णता पुरेपूर तयार होते आणि ती वाहून नेणारं पाणी व वारा दोन्ही कमी पडतात. दुसऱ्यात पाणी जोरात फिरतं. आवाज वाढतो आणि काटा उतरतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे उलटं वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांना मी शेजारी बसवून दाखवलं आहे. इंजिनाच्या कमाल फेऱ्या डिझेल पंपाचा गव्हर्नर (फेऱ्यांना मर्यादा घालणारा भाग) बांधून ठेवतो, त्यामुळे चढावर तुम्ही पॅडलने इंजिन जादा फिरवूच शकत नाही.

आता काळा धूर. हे नीट समजून घ्या, कारण उंचावर सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पेट्रोलच्या गाडीत पॅडल हवा सोडतं. डिझेलमध्ये हवा जेवढी येईल तेवढी येते आणि पॅडल फक्त इंधन वाढवतं. वर हवा विरळ असते, डिझेलचा पंप मात्र समुद्रसपाटीला लावलेलं तेवढंच डिझेल टाकत राहतो. जळायला हवा नाही, मग त्याची काजळी होते. त्या धुरातून ताकद मिळत नाही, नुसता एक्झॉस्ट तापतो. म्हणून उंचावर आरशात धूर दिसला की पॅडल इतकंच सोडा की धूर जेमतेम दिसेल. वेग तेवढाच राहतो, करून बघा. काही पंपांवर हवेचा दाब ओळखून इंधन कमी करणारी एक डबी असते. असली तर ती चालते का, हे पंपवाल्याकडून तपासून घ्या.

काट्याबद्दल. लाल पट्टीची वाट बघू नका. तुमच्या गाडीचा काटा सपाटीवर जिथे थांबतो ती जागा ध्यानात ठेवा. चढावर तो थोडा वर जाऊन स्थिर राहिला तर चालेल. थांबतच नसेल, सरकतच असेल, तर लाल यायच्या आधीच काहीतरी करायला हवं. हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा पूर्ण वेगावर करा. तो एक छोटा रेडिएटरच असतो. तरी चढतच राहिला तर सुरक्षित जागी थांबा, पण इंजिन लगेच बंद करू नका. न्यूट्रलमध्ये थोडी रेस देऊन, १५०० च्या आसपास, दोन-चार मिनिटं पाणी फिरू द्या. मात्र पाणी गळत असेल किंवा पट्टा तुटला असेल, तर तत्काळ बंद. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. २५०० मीटरवर साधं पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. आतलं पाणी झाकणाच्या दाबावर धरलेलं असतं, तो दाब सोडलात की ते तोंडावर येतं. याच कारणाने झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर निघण्याआधी बदला.

वळण_वाट

नोझल_टेस्टर यांच्या उत्तरात वळणांची थोडी भर घालतो. मी काही वर्षं युरोपात होतो. मित्राच्या मर्सिडीज २४० डीमधून (१९७८ नंतरची, ७२ अश्वशक्तीची) इटलीच्या आल्प्समधली स्टेल्व्हिओ खिंड चढलो आहे. उंची २७५७ मीटर आणि एका बाजूने ४८ केसपिना (हेअरपिनसारखी उलट फिरणारी वळणं), प्रत्येकीला क्रमांक. कमी ताकदीच्या गाडीसाठी वळणं कशी घ्यायची, ते तिथे कळलं.

केसपिनीची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा बरीच जास्त खडी असते, कारण तेवढीच उंची तिथे कमी अंतरात चढायची असते. वर पूर्णपणे दिसत असेल आणि समोरून कोणी नसेल, तर आपल्या बाजूत राहून शक्य तितकं रुंद घ्या. आतून घासून घेतलंत तर गाडी मधेच दम सोडते. गिअर वळणाच्या आधी पाडायचा, वळणात नाही. वळणात क्लच दाबला की दोन सेकंदांत वेग संपतो, मग पहिला टाकायची वेळ येते, आणि बऱ्याच जुन्या गिअरबॉक्समध्ये पहिल्याला सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून दोन्ही चक्रांचा वेग जुळवणारी सोय) नसतो. तेव्हा डबल क्लच शिकून घ्याच: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून एक रेस, पुन्हा क्लच दाबून पहिला. सपाटीवर मोकळ्या जागी हाताला सवय होईपर्यंत करा.

हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका. उभं राहायचं तर हँडब्रेक. आणि मागची रांग वाढली की जागा मिळेल तिथे बाजूला होऊन सगळ्यांना जाऊ द्या. मागच्यांचं दडपण गेलं की गिअरही शांतपणे पडतात.

चौथा_गिअर

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. आज जवळच्या चढावर दुसऱ्यात सलग चढवली, गाडीत चौघं बसलेले. ४० वर टिकली आणि काटा सपाटीच्या जागेपेक्षा किंचितच वर गेला. पॅडल थोडं सोडल्यावर वेग खरोखर पडला नाही. मला फार आनंद झाला आहे. आता निघण्याआधी काय तपासू, आणि उतरताना काय करायचं?

नोझल_टेस्टर

छान केलंत. आता तपासणी.

सगळ्यात आधी कोणाला तरी पॅडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि बॉनेट उघडून डिझेल पंपाचा लिव्हर बघा. तो शेवटच्या स्टॉपला टेकतो का? जुन्या गाड्यांत पॅडलपासून पंपापर्यंतच्या जोडदांड्यांची बुशं (सांध्यातल्या गोल चकत्या) झिजतात, पॅडलखाली जाड मॅट येते, आणि लिव्हर मधेच अडतो. इंजिन खिळखिळं झालंय म्हणून आणलेल्या अनेक गाड्यांत मला फक्त एवढंच सापडलं आहे. मग एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर नवे घाला. अर्धा चोंदलेला डिझेल फिल्टर सपाटीवर समजत नाही, चढावर समजतो. टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हमधली फट जुळवणं) करून घ्या. डिझेल पंपाचं टायमिंगही (डिझेल फवारण्याची वेळ) बघा, कारण चेन लांबली की ते मागे पडतं. एक फेरी मारून आल्यावर चारही चाकांच्या मधोमध हात जवळ न्या. एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तो ब्रेक धरून राहतोय आणि तुमची ताकद तिथे खातोय. रेडिएटर बाहेरून किड्यांनी, मातीने बुजलेला असतो. आतल्या बाजूने, हलक्या धारेने धुवा. जोराच्या धारेने रेडिएटरचे पातळ पत्रे आडवे होतात.

उतार मात्र मला चढापेक्षा गंभीर वाटतो. डिझेलमध्ये बहुधा हवेचा पडदा नसतो, म्हणून पॅडल सोडल्यावर इंजिन पेट्रोलच्या गाडीएवढं धरत नाही. चढताना दुसरा लागला असेल तर उतरतानाही दुसराच, आणि उतार सुरू व्हायच्या आधी. इथे गव्हर्नर वाचवत नाही, कारण चाकंच इंजिनाला फिरवतात. फेऱ्या वाढायला लागल्या की ब्रेक दाबून वेग नीट खाली आणा आणि सोडा. पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरू नका. न्यूट्रल तर कधीच नाही, आणि इंजिन बंद करून मुळीच नाही. तुमच्या ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनावरच्या पंपाकडून येतो. इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा दाबण्यापुरता उरतो, पुढे पॅडल दगडासारखं होतं.

ब्रेक ऑइल कधी बदललं आहे? ते हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) कोरडं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शिरलेल्याची तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर ब्रेक तेवढे सहज तापतात, ऑइलला बुडबुडे येतात आणि पॅडल नुसतं आत जातं. दोन वर्षं झाली असतील किंवा तारीख आठवत नसेल, तर निघण्याआधी बदला. बाकी सगळं राहिलं तरी हे राहू देऊ नका.

चौथा_गिअर

लिव्हर पाहिला. स्टॉपच्या आधी बोटभर अंतरावरच थांबतोय. मधल्या दांडीची दोन्ही बुशं गेली आहेत. मग काळा धूर कसा येत होता?

नोझल_टेस्टर

१८०० फेऱ्यांवर, विरळ हवेत, तेवढं डिझेलही जास्तच होत होतं. बुशं बदला, लिव्हर स्टॉपपर्यंत जाईल अशी दांडी जुळवा, आणि पॅडल सोडल्यावर तो पूर्ण मागे येतोय ना, तेही पाहा. पंपावरचा सील केलेला इंधनाचा स्क्रू कोणालाही हलवू देऊ नका. नंतर धूर वाढला तर नोझल काढून तपासून घ्या. ब्रेक ऑइलचं काय झालं ते मात्र सांगितलं नाहीत.