मदत हवी आहे: एडिंबरा फ्रिंजला एकपात्री न्यायचाय, हमीची जागा घेऊ की पबमधली फुकटची खोली?

नमस्कार मंडळी,

एसटी कंडक्टरवरचा 50 मिनिटांचा एकपात्री करतो. पुणे, सातारा, कोल्हापूर मिळून 31 प्रयोग झालेत. नेपथ्य म्हणजे पत्र्याची तिकीटपेटी, पंच, चामड्याची पिशवी आणि घंटीची दोरी. सगळं एका बॅगेत मावतं, म्हणून पुढच्या ऑगस्टला स्कॉटलंडमधला एडिंबरा फ्रिंज हा नाट्यमहोत्सव करावा असा किडा डोक्यात शिरलाय.

मुख्य कारण, तिथे निवडसमिती नाही. एकांकिका स्पर्धांच्या प्राथमिक फेरीतून दोनदा घरी आलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच. 1947 साली एडिंबराच्या मुख्य, निमंत्रितांच्या महोत्सवाने न बोलावलेल्या आठ नाटकमंडळ्या तिथे थडकल्या, हॉल शोधून प्रयोग केले आणि त्यातून फ्रिंज उभी राहिली. आजही कुणी संहिता मागत नाही. जागा मिळवा, नोंदणी फी भरा, नाटक करा.

गाडी अडलीय ती जागेपाशी. एका ठिकाणाहून होकार आलाय: तळघर, 45 खुर्च्या, दुपारी 12:40, तिन्ही आठवडे. तिकीटविक्रीतले 40 टक्के त्यांचे. पण ते ठरलेल्या हमीपेक्षा कमी भरले तर फरक मी खिशातून द्यायचा. रोज 18 तिकिटं गेली तर हमी फिटते. दुसरा रस्ता पबमधल्या फुकटच्या खोलीचा. विमान, व्हिसा, राहणं, खाणं सगळं धरून माझ्याकडे साडेचार लाख आहेत. बायकोने आकडा ऐकलाय, तारीख अजून सांगितलेली नाही.

शिवाय प्रयोग मराठीत करून वर इंग्रजी ओळी दाखवायच्या, की सरळ इंग्रजीत करायचा?

प्रतिसाद: वाफाळता चहा
तीन वर्षं तिथे शिकायला होतो, ऑगस्टमध्ये एका हॉलच्या दारावर तिकिटं तपासायचो. पहिल्या खेपेला हमीची जागा घेऊ नका. तीन हजारांवर कार्यक्रम चालू असताना जेवणाच्या वेळी अनोळखी कलाकाराच्या प्रयोगाला तळघरात रोज 18 जण? कलाकारांतला जुना विनोद आहे की फ्रिंजचा सरासरी प्रेक्षक सहा. भरत नाट्यमधला पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेचा गोंगाट डोक्यातून काढा. तिथे प्रेक्षक सकाळपासून रस्त्यावर उभं राहून पत्रकं वाटत गोळा करावा लागतो, पावसातसुद्धा.

फुकटच्या खोल्यांची पद्धत पीटर बकली हिल यांनी 1996 मध्ये सुरू केली. कलाकाराकडून भाडं नाही, प्रेक्षकाला तिकीट नाही, शेवटी दाराशी बादली. पण खोल्या मोजक्या, त्यामुळे तिथे अर्ज करावा लागतो आणि वाटप त्यांच्या हातात असतं. म्हणजे तुमचं ते 'निवड नाही' इथे पूर्ण लागू नाही. प्रकाशयोजना जवळपास शून्य, आणि मॅच असली की भिंतीपलीकडून आरोळ्या. तुमच्या प्रयोगात ब्लॅकआउट, म्हणजे रंगमंचावर पूर्ण अंधार, किती वेळा?

धागाकर्ता
चार. त्यातला एक काढला तर शेवटच मोडतो.

प्रतिसाद: वाफाळता चहा
मग तो शेवट आधी दिवाणखान्यात ट्यूबलाइट लावून करून बघा.

प्रतिसाद: बर्फातली भाकरी
मी कॅनडात असते. एडमंटनची फ्रिंज 1982 पासून चालते. तिथे सोडत काढतात. नाव निघालं की जागा महोत्सवच देतो आणि तुम्ही लावलेली तिकिटाची किंमत पूर्ण तुम्हाला मिळते. साडेचार लाखांत निम्म्या काळजीने झोपाल. अर्थात नशिबाचा खेळ, नाव निघालं तर. व्हिसाचे नियमही ब्रिटनपेक्षा वेगळे. ब्रिटनमध्ये ठरावीक महोत्सवांची यादी आहे, त्यांत कला सादर करायला साधा व्हिजिटर व्हिसा चालतो. एडिंबरा फ्रिंज त्या यादीत आहे, पण अर्जाआधी सरकारी पानावर ताजी यादी बघाच.

भाषेबद्दल: पबच्या खोलीत ओळी दाखवायचा पडदा कुठे लावणार? कथा इंग्रजीत सांगा, कंडक्टरच्या हाका मराठीत ठेवा. 'पुढे सरका' कुठल्याही देशात कळतं.

प्रतिसाद: खुर्ची क्रमांक जे 14
बादली कशाला हवी? चामड्याची पिशवी आहे ना! शेवटी तीच उघडून 'सुट्टे द्या' म्हणत दाराशी उभे राहा. आणि पत्रकं जुन्या एसटी तिकिटाच्या आकाराची छापा, रस्त्यावर खाकीत उभं राहून पंच करून हातात द्या. घडी घालून फेकायला जीव होणार नाही.

प्रतिसाद: वाफाळता चहा
हे भारी! फक्त सुट्टे आता तिथे फारसं कुणी बाळगत नाही, कार्ड ओढायचं यंत्र घ्या.

धागाकर्ता
अहो, एसटीतही पेटी जाऊन मशीन आलं, माझा कंडक्टर त्याच दुःखात आहे! प्रयोगाचा शेवटच त्यावर आहे. हाच तो ब्लॅकआउट. आता तो काढून हातात मशीन घेऊन दाराशी जातो, बघू.

तळघरवाल्यांना नकार कळवला. फुकटच्या खोलीसाठी अर्ज लिहायला घेतलाय. आता राहण्याचं सांगा. शहरात ऑगस्टचे दर बघून घाम फुटला. मसलबरासारख्या बाहेरच्या गावात खोली घेतली तर रात्री अकरानंतर परतायला बस मिळते का?