बाबांच्या कॉम्प्युटरवर सतत जाहिराती येताहेत, फॉरमॅट न करता काय करता येईल?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. बाबा कराडला असतात, मी ठाण्यात. निवृत्त झाल्यापासून ते गावच्या देवस्थानाची जुनी मोडी कागदपत्रं वाचून देवनागरीत टाइप करताहेत. त्यांचा कॉम्प्युटर मुख्यतः त्यासाठीच आहे. विंडोज १०, ब्राउझर क्रोम.

हल्ली स्क्रीनच्या खाली उजवीकडे सारखे इशारे येतात, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, लगेच स्कॅन करा' असे. गूगलवर काही शोधलं की भलत्याच साइटवर निकाल उघडतात. मशीन सुरू केलं की आपोआप जाहिरातीचं पान येतं. आणि क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं लिहिलंय. घरचा कॉम्प्युटर आहे, कसली ऑर्गनायझेशन?

तिथला दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारून नवीन अँटिव्हायरस टाकू. फॉरमॅट म्हटलं की बाबांच्या पोटात गोळा येतो, कारण सगळं टायपिंग त्याच मशीनवर आहे. चांगलं, शक्यतो फुकट साधन सुचवा. क्विक असिस्टवरून मला त्यांची स्क्रीन इथून हाताळता येते.

पेठकर
सरळ फॉरमॅट मारा. दोन तासांचं काम आहे, डोक्याला ताप नाही. डेटा पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.

तारजोडणी
थांबा, फॉरमॅटची घाई नको. डेटाची प्रत मात्र आजच काढा, त्याबद्दल पेठकरांशी सहमत.

ताई, तीन गोष्टी बघून सांगा. इशारा येतो तेव्हा त्या चौकटीत बारीक अक्षरांत 'गूगल क्रोम' आणि एखाद्या साइटचं नाव दिसतं का? सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी इन्स्टॉलच्या तारखेनुसार लावली तर वर काय काय येतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, इशाऱ्यातल्या एखाद्या नंबरवर काकांनी फोन तर केला नाही ना?

कृष्णाकाठची
फोन केलेला नाही, दोनदा विचारलं. चौकटीत 'गूगल क्रोम' दिसतं आणि खाली एक विचित्र, अर्थहीन अक्षरांची साइट. यादीत वरती मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर आहे. त्याच तारखेचे आणखी तीन प्रोग्राम आहेत: पीडीएफ कन्व्हर्टर, ड्रायव्हर अपडेट करणारं काहीतरी आणि 'सर्च' नावाचं काहीतरी. हे तीन बाबांनी कधी पाहिलेलेही नाहीत.

तारजोडणी
मग चित्र स्पष्ट आहे. सविस्तर लिहितो, कारण ही तक्रार मराठी टायपिंग करणाऱ्यांकडून फार येते.

गूगल इनपुट टूल्सची विंडोजवर ऑफलाइन चालणारी आवृत्ती गूगलने केव्हाच बंद केली. लोकांना मात्र तिची सवय आहे, म्हणून ते शोधत राहतात आणि कुठल्यातरी डाउनलोड साइटवर पोचतात. तिथे 'डाउनलोड' लिहिलेली चार हिरवी बटणं असतात आणि त्यातली बरीच जाहिराती असतात. खरं बटण सापडलं तरी मूळ फाइल मिळेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी त्या साइटचा स्वतःचा इन्स्टॉलर मिळतो आणि तो सोबत आणखी दोन-तीन प्रोग्राम टाकतो. त्यांच्यावरच्या खुणा आधीच केलेल्या असतात, 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेलं की सगळं आत.

आता उपाय. तुमच्याकडे वेगवेगळ्या तीन भानगडी आहेत. एकच स्कॅनर चालवून 'गेलं का?' बघाल तर निराशा होईल.

कोपऱ्यातले इशारे हा व्हायरस नाही. ती वेबसाइटची नोटिफिकेशनं आहेत. 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा' असं सांगून परवानगी घेतलेली असते. खऱ्या पडताळणीला नोटिफिकेशनची परवानगी कधीच लागत नाही. कॉम्प्युटरवर काही बसवलेलंच नसल्यामुळे कोणताही स्कॅनर इथे 'काही सापडलं नाही' म्हणेल. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. 'अलाउड'च्या यादीतली अनोळखी नावं काढून टाका. तिथेच वर साइट्सना परवानगी मागूच न देण्याचा पर्याय आहे, काकांसाठी तो निवडा. इशारे लगेच थांबतील.

मग ते चार प्रोग्राम अनइन्स्टॉल करा, टायपिंगवालाही. काढताना बटणं वाचून दाबा. काही अनइन्स्टॉलरमध्ये 'ठेवा'चं बटण ठळक असतं आणि 'काढा' फिकट अक्षरांत कोपऱ्यात. 'तुम्हाला ५०% सूट' असंही विचारतील.

यानंतर क्रोमचं सिंक, म्हणजे गूगल खात्यातून सेटिंग्ज आपोआप जुळवणारी सोय, बंद करा. ही पायरी लोक हमखास विसरतात. काकांच्या गूगल खात्यात वाईट एक्स्टेन्शन (क्रोमला जोडलेला छोटा प्रोग्राम) नोंदलेलं असेल तर तुम्ही काढाल आणि सिंक ते परत आणून ठेवेल. सिंक बंद केल्यावर एक्स्टेन्शन्सच्या यादीतून अनोळखी ते सगळं काढा.

आता स्कॅन. माझी शिफारस ॲडडब्ल्यूक्लीनर. लहान आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, फुकट आहे. २०१६पासून ते मालवेअरबाइट्स कंपनीकडे आहे, त्यामुळे त्यांच्याच साइटवरून घ्या. नावाने शोधून पहिल्या निकालावर क्लिक करू नका, तो 'स्पॉन्सर्ड' असू शकतो. हे साधन नेमकं ॲडवेअर (जाहिराती घुसवणारे प्रोग्राम), टूलबार आणि पळवलेलं सर्च शोधतं. निकालात 'प्रीइन्स्टॉल्ड' म्हणून वेगळा गट दिसला तर तो कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रामचा असतो. तिथे सरसकट खुणा करू नका. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीत डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन. मशीन बंद होऊन सुरू होतं आणि विंडोज पूर्ण उघडायच्या आधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. काकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर मध्येच स्क्रीन काळी झालेली बघून घाबरतील.

'ऑर्गनायझेशन'चं उद्या लिहितो, आधी एवढं करा.

शमा_नाशिक
पैसे देऊन चांगला अँटिव्हायरस घेतला तर हे सगळं आपोआप होणार नाही का? आमच्याकडे क्विक हीलच आहे, पुण्याची कंपनी आहे, मराठीतून मदत मिळते.

तारजोडणी
शमाताई, घ्यायला हरकत काहीच नाही. पण असे प्रोग्राम अनेकदा 'वापरकर्त्याच्या संमतीने' आलेले असतात, त्यामुळे अँटिव्हायरसवाले त्यांना व्हायरस न म्हणता 'नको असलेलं ॲप' म्हणतात. ती तपासणी सुरू आहे का हे बघणं जास्त मोलाचं. डिफेंडरमध्ये ती सोय आहे: विंडोज सिक्युरिटी, ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन, आणि तिथे 'पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग'. दोन्ही खुणा करा. हे काकांच्याही मशीनवर करायचंय.

आणि कायम पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, मशीन रांगायला लागतं. सरकारी हवं असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही फुकट साधनं मिळतात.

अक्षरजुळणी
माझं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक. आमच्या धंद्यात कोरल आणि पेजमेकर या सॉफ्टवेअरच्या क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडलेल्या चोरीच्या प्रती सर्रास फिरतात, म्हणून एक भर घालते. असली सीडी देणारा माणूस सांगतो, 'आधी अँटिव्हायरस बंद करा, मग टाका'. काही वेळा तो स्वतःच डिफेंडरमध्ये एखादा फोल्डर 'एक्सक्लूजन्स'मध्ये घालून जातो. म्हणजे तो फोल्डर कायमचा तपासणीबाहेर! मग कितीही स्कॅन करा, तिथलं काही सापडत नाही. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, अगदी खाली एक्सक्लूजन्स. घरच्या कॉम्प्युटरवर ती यादी सहसा रिकामीच असते.

शेजारच्या प्रेसमध्ये पूर्ण सी ड्राइव्हच त्या यादीत होता. तपासणी सुरू असल्याची हिरवी खूण दिसत होती आणि सगळे निर्धास्त होते.

कृष्णाकाठची
अक्षरजुळणीताई, बाबांची यादी रिकामी आहे, हुश्श!

तारजोडणीदादा, तुम्ही सांगितल्या क्रमाने केलं. नोटिफिकेशन्सच्या यादीत अकरा साइट होत्या, काढल्या त्या क्षणी इशारे बंद. ॲडडब्ल्यूक्लीनरला बरंच सापडलं, क्वारंटाइन केलं, म्हणजे वेगळं बंद करून ठेवलं. पण दोन गोष्टी उरल्या. मशीन सुरू केल्यावर जाहिरातीचं पान अजून उघडतं, आणि 'ऑर्गनायझेशन' अजून आहे. सर्चचं एक्स्टेन्शन काढायला गेले तर 'रिमूव्ह'चं बटणच नाही.

तारजोडणी
बटण नाही याचं कारण तेच. क्रोममध्ये कंपन्यांसाठी सोय असते, कर्मचाऱ्यांच्या मशीनवर धोरण लादण्याची. ॲडवेअर रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे) तसंच खोटं धोरण लिहून ठेवतं, म्हणून क्रोमला वाटतं हे एक्स्टेन्शन साहेबांनी सक्तीने बसवलंय.

ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीतून क्रोम, मग :// आणि पॉलिसी टाइप करा. 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' किंवा सर्च प्रोव्हायडरच्या ओळी दिसतील. आता रजिस्ट्री एडिटर उघडा. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असं उतरत जा. त्या 'क्रोम'वर राइट क्लिक, आधी एक्सपोर्ट करून प्रत ठेवा, मग डिलीट. तसंच एचकी करंट यूजरखाली बघा. शेजारच्या कशालाही हात लावू नका. मशीन रीस्टार्ट करून पॉलिसीचं पान पुन्हा बघा, ते रिकामं असायला हवं. मग एक्स्टेन्शन निघेल.

वाचणाऱ्या इतरांसाठी: ऑफिसच्या लॅपटॉपवर हे अजिबात करू नका, तिथे ते वाक्य खरं असतं. आणि घरच्या मशीनवरही काही अँटिव्हायरस स्वतःचं धोरण टाकतात, म्हणून ओळी वाचून मगच काढा.

आपोआप उघडणाऱ्या पानासाठी टास्क मॅनेजरमधला स्टार्टअप भाग आणि टास्क शेड्यूलर बघा. शेड्यूलरमध्ये एकेक काम निवडून 'ॲक्शन्स' वाचा. क्रोमच्या फाइलपुढे वेबसाइटचा पत्ता जोडलेला दिसला की तोच तो. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनचं प्रॉपर्टीजमधलं 'टार्गेट'ही तपासा, तिथेही शेवटी पत्ता चिकटवलेला असतो.

हे झाल्यावर क्रोमची सेटिंग्ज रीसेट करा. बुकमार्क आणि जतन केलेले पासवर्ड जात नाहीत.

मुक्काम_बंगळूर
पुढच्यासाठी: जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन टाकाच. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२मध्ये सर्च जाहिरातींतून होणाऱ्या फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं, तेव्हा उपायांत ॲड ब्लॉकरही सांगितला होता. मी युब्लॉक ओरिजिन वापरतो. फायरफॉक्सवर ते पूर्ण ताकदीने चालतं. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे तिथे आता युब्लॉक ओरिजिन लाइट घ्यावं लागतं.

पण एक्स्टेन्शनचा ढीग करू नका. 'द ग्रेट सस्पेंडर' हे चांगलं, लाखो लोकांचं आवडतं एक्स्टेन्शन होतं. २०२०मध्ये मालक बदलला आणि फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलने ते धोकादायक ठरवून बंद केलं. आज चांगलं म्हणून टाकलेलं उद्या कोणाच्या हातात जाईल हे आपल्या हातात नसतं. त्यामुळे मोजकीच ठेवा.

पेठकर
मग फॉरमॅट कधीच नको म्हणता?

तारजोडणी
हवं तिथे हवंच. कोणी फोनवरून बोलता बोलता रिमोट ॲप टाकून मशीनचा ताबा घेतला असेल, किंवा क्रॅकबरोबर पासवर्ड चोरणारं काही आलं असेल, तर मी स्वतः फॉरमॅटच करेन. त्याआधी इंटरनेट तोडायचं, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलायचे, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. म्हणूनच सुरुवातीला नंबरचं विचारलं होतं. काकांचं प्रकरण तसं नाही.

विंडोज १०चा नियमित सपोर्ट मात्र १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मशीनला झेपत असेल तर ११वर न्या.

कृष्णाकाठची
गेलं! टास्क शेड्यूलरमध्ये 'अपडेट'सारखं साळसूद नाव घेऊन बसलं होतं, ॲक्शन्समध्ये तोच जाहिरातीचा पत्ता. पॉलिसीचं पान आता रिकामं आहे. बाबांच्या सगळ्या फाइल जागच्या जागी आहेत आणि प्रत पेनड्राइव्हवर आहे.

पण त्यांचं टायपिंग अडलंय, कारण ते सॉफ्टवेअर काढलं. त्यांना रोमनमध्ये लिहून देवनागरी उमटायची सवय आहे. इन्स्क्रिप्ट (देवनागरी अक्षरांच्या ठरलेल्या कळांचा कीबोर्ड) या वयात शिकणार नाहीत म्हणतात. पुन्हा त्या डाउनलोड साइटवर जायचं नाहीये.

अक्षरजुळणी
काहीच डाउनलोड करू नका. विंडोज १०मध्ये २०१९च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज. मराठी जोडा, तिच्या ऑप्शन्समध्ये 'ॲड अ कीबोर्ड', तिथे 'मराठी फोनेटिक'. मराठी आणि इंग्रजीत अदलाबदल करायला विंडोजची कळ दाबून ठेवून स्पेसबार. युनिकोड आहे, म्हणजे अक्षरं कुठल्याही कॉम्प्युटरवर तशीच दिसतात, त्यामुळे काकांच्या जुन्या युनिकोड फाइलमध्येच पुढे लिहिता येईल.

कृष्णाकाठची
केलं. बाबा विचारताहेत की आधीच्यासारखी शब्दांची यादी खाली येते का.

अक्षरजुळणी
हो, टाइप करताना पर्याय दिसतात, त्यातला निवडायचा. देवस्थानाच्या कागदांतले जुने शब्द सुरुवातीला नीट उमटणार नाहीत. काकांना म्हणावं, एक-दोन पानं धीराने टाइप करा, आणि जो शब्द अडेल तो इथे टाका, मी करून बघते.