सहावीला गावातलीच जिल्हा परिषदेची शाळा? चांगली आहे हे ठरवायचं कशावरून?

माजलगावकर
थोरली यंदा पाचवी झाली. गावात जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंत आहे, पण घरातले सगळे म्हणतात, तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घाल, गाडी दारात येते. मी दोन्हीकडच्या सहावीच्या गणिताच्या वह्या बघितल्या.

तालुक्याच्या शाळेत मेहुण्याचा मुलगा आहे. त्याच्या वहीत १/२ + १/३ = २/५ लिहिलंय आणि त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण. एका पानावर अशी चार गणितं, सगळी 'बरोबर', खाली सही आणि तारीख. आमच्या शेजारची मुलगी गावातल्या शाळेत जाते. तिचीही चूक तीच. पण मॅडमनी उत्तराला गोल केलाय, बाजूला एक अर्धी भाकरी आणि एक तिसरा हिस्सा काढलाय आणि विचारलंय, "अर्ध्यात अजून मिळवलं, मग उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?" पुढच्या पानावर पोरीने तेच गणित पुन्हा सोडवलंय, ५/६. ही वही बघितल्यापासून रंगवलेल्या भिंती आणि डिजिटल फळ्याकडे माझं लक्षच जात नाही. तुम्ही काय बघता?

गेवराईकर
दादा, एका वहीवरून शाळा ठरवू नका. त्या मॅडमची उद्या बदली झाली तर? निकाल मागा. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, म्हणजे चार वर्षांचे ४८ हजार. माझ्या पुतण्याची अकरावी-बारावी त्याच पैशावर झाली. विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना या परीक्षेला बसताच येत नाही, हेही घरच्यांना सांगा. मुख्याध्यापकांना सरळ विचारा, तीन वर्षांत किती मुलं पात्र झाली? जी शाळा आकडा सांगायला कचरते तिथे पाणी मुरतंय असं समजा.

विषयशिक्षिका
किती पात्र झाली याच्या आधी विचारा, किती बसवली. वर्गातली दहा हुशार लेकरं निवडायची, त्यांचे जादा तास घ्यायचे आणि उरलेल्यांना स्वाध्याय देऊन बसवायचं, हे मी जवळून पाहिलंय. आकडा उत्तम येतो, बॅनर लागतो, पण मागच्या बाकावरच्याला भागाकार येत नाही तो नाहीच.

आपल्या बीडकडे तर दिवाळीच्या पुढेमागे वर्ग अर्धा रिकामा होतो. आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरंही जातात. हंगामी वसतिगृह झालं तर काही थांबतात. बाकीची परत येतात ती मार्च-एप्रिलला, आणि लगेच चाचणी. त्यांचे गुण शाळेच्या नावावर पडतात. अशा शाळेची तुलना ज्या गावातून कुणी तोडीला जात नाही तिथल्या शाळेशी कशी करणार? मी पालक असते तर विचारलं असतं, परत आलेल्या मुलांसाठी तुम्ही काय करता? त्या उत्तरात शाळा कळते.

ऋतुजाची आई
तुमचं सगळं पटतं मॅडम, पण मी भोगलंय ते लिहिते. मी हौसेने मुलीला जिल्हा परिषदेत ठेवलं. सहावी ते आठवी अशी तीन वर्षं गणित-विज्ञानाला शिक्षकच नव्हता. जे एक सर होते त्यांना मतदार यादीचं काम, मग प्रशिक्षण, मग कुठली तरी ऑनलाइन माहिती भरायची. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात, मीही होते. ठराव केले, अर्ज दिले. शिक्षक आला तेव्हा माझी पोरगी आठवी संपवून गेली होती. नववीला बीजगणित समोर आलं आणि ती रात्री वही मिटून रडायची. पद मंजूर आहे, अर्ज वर गेलाय, हे ऐकून लेकराचं वय थांबत नाही. भाकरीचं चित्र काढणारी बाई मिळाली तर सोनंच, पण आधी वर्गात बाई आहे का ते बघा.

निवृत्त केंद्रप्रमुख
ताई, तुमचं दुःख खरं आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्र यांना किमान एकेक शिक्षक लागतो, ३५ मुलांमागे एक. म्हणून संचमान्यतेचा कागद मागा, शिक्षकांची पदं मंजूर किती ते त्यात असतं, आणि विचारा भरलेली किती. पण मुलं निघून गेली की पट घटतो, पट घटला की पदं जातात, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय.

शाळेच्या भेटीला गेलो की ठरलेला मुलगा उठायचा आणि धडा घडाघडा वाचायचा. मी न शिकवलेलं पान उघडून शेवटच्या बाकावरच्या मुलीला द्यायचो. मुलांना वाचता-गणित करता येतं का याची पाहणी करणारे 'असर'वाले २००५ पासून गावोगाव हेच करतात, दुसरीच्या पातळीचा उतारा आणि एक भागाकार. तुम्हालाही करता येईल, कुणाची परवानगी लागत नाही. पारावर खेळणाऱ्या सातवीच्या पाच मुलांना वर्तमानपत्र वाचायला द्या.

ऋतुजाची आई
सर, पट टिकवायची जबाबदारी माझ्या एकटीच्या पोरीवर का? ज्यांच्या हातात भरती आहे त्यांची लेकरं कुठल्या शाळेत आहेत?

निवृत्त केंद्रप्रमुख
याला माझ्याकडे उत्तर नाही ताई. माझी स्वतःची दोन्ही मुलं मी शहरात शिकवली. ती खंत आहे.

माजलगावकर
आज शाळेत जाऊन आलो. तीन पदं मंजूर, दोन भरलेली. गणित-विज्ञानाच्या मॅडमची बदली यंदा तरी होणार नाही. भाषेचं पद रिकामं आहे, इंग्रजी सामाजिक शास्त्राचे सर घेतात. गेल्या वर्षी आठवीतल्या १९ पैकी १९ मुलांना एनएमएमएसला बसवलं, पात्र झाली दोन. आकडा गेवराईकरांना लहान वाटेल, मला १९ पैकी १९ मोठं वाटलं. इंग्रजीची काळजी मात्र आहे. मुख्याध्यापक म्हणाले, शनिवारी सकाळची शाळा असते, इंग्रजीचा तास आठला, मागे येऊन बसा. थोरलीला घेऊन जाणार आहे.

विषयशिक्षिका
जाताना सरांना एक विचारा दादा, पोरं वर्गात इंग्रजी बोलतात का, की फक्त प्रश्नोत्तरं उतरवून घेतात. आणि काय दिसलं ते इथे लिहा.