रविवार पेठेतील जुन्या दुकानी इमारतीला वारसामूल्य असते का?

प्रश्न: पुण्यात रविवार पेठेत आमची वडिलोपार्जित दुमजली इमारत आहे. खाली फळ्यांच्या दारांची दुकाने, वर गोदाम, सागवानी खांब आणि चुन्यातले वीटकाम. तिथे कोणी थोर व्यक्ती राहिलेली नाही. मग पाडण्यापूर्वी विचार करावा का?

उत्तर १: अवश्य करावा. १८८६ साली खुली झालेली आपली मंडईसुद्धा भाजीपाला विकण्यासाठीच बांधली होती, आणि आज त्या अष्टकोनी मनोऱ्याशिवाय पुण्याचे चित्र पुरे होत नाही. खाली धंदा, वर साठवण ही रचना पेठेचा व्यापार कसा चालत असे हे जितके स्पष्ट सांगते, तितके कागदपत्रे क्वचितच सांगतात. महापालिकेच्या वारसा यादीत आपल्या इमारतीचे नाव आहे का आणि असल्यास श्रेणी कोणती, हे आधी तपासावे.

उत्तर २: सहमत आहे; मात्र भाड्याचे उत्पन्न तुटपुंजे असेल, तर मालकाची अडचणही खरी असते.

उत्तर ३: दुरुस्ती करणार असाल, तर कृपया सिमेंटचा गिलावा करू नका. चुन्याच्या भिंतीतील ओल बाहेर पडू शकली नाही, की विटा भुसभुशीत होतात. खांब तळखड्यावर (खांबाखालच्या दगडी बैठकीवर) जिथे टेकतो, तिथले लाकूड कुजले आहे का, हे सर्वांत आधी टोचून पाहा.